‘गरजेनुसार’ लिहिणाऱ्यास खुलं पत्र

प्रति,
रॉकेटच्या मोटरवर वर जाणाऱ्या ग्लायडरच्या किटमधलं सूचनापत्रक लिहिणाऱ्या तुम्हाला,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. आज तो शब्द लिहिला तर खोटा ठरेल, म्हणून गाळला.

मी तुम्हाला ओळखत नाही. पत्रकावर तुमचं नाव नाही, आणि डब्यावरचं नाव मी इथे घेणार नाही. मला बोलायचंय ते चोविसाव्या पायरीबद्दल. आधीच्या तेवीस पायऱ्या तुम्ही हात धरून चालवलंत. पंखाचे दोन भाग कसे जोडायचे, टोकं वर उचललेली राहावीत म्हणून खाली किती उंचीचा ठोकळा ठेवायचा, लाँच रॉडसाठीची नळी नेमकी कुठे चिकटवायची, सगळं लिहिलंत. नक्षीच्या पट्ट्या कुठे बसवायच्या यासाठी तर पाच चित्रं दिलीत. आणि मग चोविसावी पायरी: हाताने उडवून पाहा, गरजेनुसार नाकाला क्ले लावा. त्यापुढे कोरा कागद.

गरज म्हणजे काय, ती ओळखायची कशी? चिमूटभर क्ले लावायची की सुपारीएवढी? हातातून सोडताना विमान कसं धरायचं, किती जोरात फेकायचं, कुणाकडे बघून फेकायचं? ज्या एका कामावर ते लाकूड उडणार की पडणार हे ठरतं, त्या कामाला तुम्ही एक ओळ दिलीत. पट्ट्यांना पाच चित्रं आणि उड्डाणाला एक ओळ, हा तुमचा हिशेब मला पटलेला नाही आणि म्हणून हे पत्र.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. आम्ही इंडियानात राहतो. माझं माहेर येवला. तिच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तिला इस्रोच्या ‘पुष्पक’चं उतरणं दाखवलं होतं. २३ जून २०२४ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलेलं ते पंखांचं यान, आत माणूस नसताना, आपलं आपण वळून धावपट्टीवर टेकलं. त्याआधी २३ मे २०१६ ला अशाच पंखांच्या यानाला श्रीहरिकोट्याहून रॉकेटच्या डोक्यावर बसवून सुमारे ६५ किलोमीटर वर नेलं होतं आणि परतीचा प्रवास त्याने तरंगत केला होता. आजोबांनी तिला एका वाक्यात समजावलं, “बाणासारखं जायचं आणि घारीसारखं यायचं.” दिवाळीतला बाण तिने पाहिलेला आहे, घारही पाहिलेली आहे. दोन्ही एकाच वस्तूत असू शकतात ही गोष्ट तिच्या डोक्यात बसली ती बसलीच. वाढदिवसाच्या पैशांतून तिने तुमचं किट घेतलं.

सहा संध्याकाळी ती त्यावर काम करत बसली. पंखाची पुढची कड गोल आणि मागची कड पातळ करायला तिने पॉलिश पेपरचे तीन कागद झिजवले. पंखाच्या छेदाचं तिसऱ्या पानावरचं तुमचं चित्र खरोखर चांगलं आहे. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण एकतृतीयांशावर, मग हळूहळू उतरत जाणारा उतार. ते चित्र समोर ठेवून तिने बोटाने चाचपत चाचपत दोन्ही पंख सारखे केले. मोटर कशी बसवायची, इग्नायटर लावल्यावर १५ फूट मागे कसं उभं राहायचं, हेही तुम्ही नीट लिहिलंत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

आणि मग बाविसाव्या पायरीत तुम्ही लिहिलंत की शेपटीला गडद रंग दिल्यास मॉडेल आकाशात उठून दिसेल. तिने नारिंगी रंगाचे तीन हात दिले. शेपटीच्या सांध्यांना ग्लूची चांगली जाड कड भरली, कारण मजबूत सांधा असावा असंही तुम्हीच लिहिलं होतं. रंगाला वजन असतं आणि शेपटीवरचं वजन सगळ्यांत महाग पडतं, हे मात्र कुठेही लिहिलं नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही गवत कापलेल्या शेतात गेलो. मोटर ए-८-३. ए म्हणजे एकूण आवेग जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, आठ म्हणजे सरासरी आठ न्यूटन रेटा, आणि तीन म्हणजे इंधन संपल्यावर तीन सेकंदांनी पुढच्या बाजूने उडणारा बार. हे तिला तोंडपाठ होतं. तुमच्या पायरीप्रमाणे तिने आधी हाताने उडवून पाहिलं. चेंडू फेकावा तसं वर फेकलं, कारण कसं फेकायचं ते लिहिलेलं नव्हतं. ते वर गेलं, गोल फिरून गवतात आलं. उडालं असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मग मोटरवर. वर जाताना ते दृष्ट लागावी इतकं सरळ गेलं. साठेक मीटरवर बार झाला, मोटर धरून ठेवणारा नाकावरचा पॉड सुटून आपल्या फितीवर खाली यायला लागला, आणि मोकळ्या झालेल्या ग्लायडरने नाक वर उचललं. उचलत गेलं, जवळजवळ उभं राहिलं, हवेत थबकलं आणि डोकं खाली घालून पडलं. वेग आला तसं पुन्हा नाक वर, पुन्हा थबकणं, पुन्हा पडणं, दर वेळी आधीपेक्षा मोठं. दहा-बारा सेकंदांत ते जमिनीत शिरलं. डावा पंख मुळापासून तुटला. तिने ते तुकडे उचलले, गाडीत मांडीवर घेऊन बसली आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली: “मला नाही जमत हे.”

तुमचा गुन्हा कुठला असं विचाराल तर हे वाक्य. पंख मी चिकटवून दिला असता.

आता त्या दहा-बारा सेकंदांत काय झालं ते सांगते. पुढच्या महिन्यात मी ते शिकले, एका वयस्कर गृहस्थांकडून. आयुष्यभर बाल्सा लाकडाची विमानं उडवलेले, आमच्याच गावातले, मन्सीच्या मैदानावर स्पर्धांना जाणारे. मन्सी आमच्याच राज्यात आहे. अमेरिकेतल्या मॉडेल विमानवाल्यांच्या संस्थेचं मुख्यालय आणि संग्रहालय तिथे आहे आणि रॉकेटवाल्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही तिथे अनेकदा झाल्या आहेत. त्या गृहस्थांनी तुटलेलं ग्लायडर बघितलं, पंख टाचणीने तात्पुरता जोडला, दोन बोटांच्या टोकांवर पंखाखालून ते तोललं, आणि तोल जिथे आला तिथे पेन्सिलीने रेघ मारली. पुढच्या कडेपासून ४९ मिलिमीटर. मग म्हणाले, हे कधीच तरंगणार नव्हतं.

पाच सेकंद लागले त्यांना. तुमचं पूर्ण पत्रक वाचायला आम्हाला तासभर लागला होता.

खांद्यावर काठी घेऊन मागच्या टोकाला गाठोडं अडकवलेला माणूस बघा. गाठोडं जितकं मागे सरकेल तितका पुढचा हात जोरात दाबावा लागतो. आमच्या ग्लायडरची शेपटी तोलापासून सुमारे २३० मिलिमीटर मागे आहे आणि नाक १२० मिलिमीटर पुढे. म्हणजे शेपटीवर चढलेला एक ग्रॅम फेडायला नाकावर जवळजवळ दोन ग्रॅम हवेत. अख्खं ग्लायडर पॉडशिवाय २१ ग्रॅमचं. त्यात रंग आणि ग्लू मिळून शेपटीवर दीडएक ग्रॅम जास्तीचा बसला आणि तोल पंधरा मिलिमीटर मागे गेला. तोल मागे गेला की ग्लायडर स्वतःला सावरू शकत नाही. नाक वर गेलं तर खाली आणणारं बळ उरत नाही, ते थबकेपर्यंत चढतं.

मग वर जाताना ते इतकं सरळ कसं गेलं? मला तर हाच भाग सगळ्यांत सुंदर वाटतो, आणि तुम्ही तो मुलांपासून लपवून ठेवलात याचा सगळ्यांत जास्त राग येतो. रॉकेटला तोल खूप पुढे हवा असतो, वजन डोक्यात आणि हवेचा दाब मागच्या पंखांवर, म्हणजे ते सरळ जातं. दिवाळीच्या बाणाला लांब काडी असते तीही त्याच कारणाने. ग्लायडरला मात्र तोल पंखाच्या जवळ हवा. एकच वस्तू दोन्ही कशी असेल? या छंदातल्या लोकांनी १९६०च्या दशकात यावर डोकं चालवलं. पहिल्या काही ग्लायडरांत मोटर मागे असे. पुढे कुणीतरी मोटर नाकावर एका छोट्या पॉडमध्ये बसवली. वर जाताना मोटरचं वजन तोल पुढे खेचून धरतं, आणि काम झालं की बार होऊन पॉड सुटून जातो, तोल आपसूक मागे पंखाखाली येतो. एका सुट्या होणाऱ्या वजनाने बाणाची घार होते. आमची १६ ग्रॅमची मोटर नाकावर असेपर्यंत शेपटीचा दोष झाकलेला होता. ती गेली आणि दोष उघडा पडला. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीला दोन वाक्यांत कळते. मी सांगितली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. तुम्ही तिथे “पॉड आपोआप सुटेल” एवढंच लिहिलंत.

तुम्ही म्हणाल, क्ले किती लावायची हे आम्ही कसं सांगणार, प्रत्येक लाकूड वेगळं. बरोबर आहे. जगातलं बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतं आणि एकाच मापाच्या दोन फळ्यांत दुप्पट वजनाचा फरक सहज असतो. शिवाय एक मूल थेंबभर ग्लू लावतं, दुसरं धार लावतं. म्हणूनच वजन सांगता येत नाही. पण तोल कुठे यायला हवा ते सांगता येतं. ती जागा लाकडावर अवलंबून नाही, आकारावर अवलंबून आहे, आणि आकार तुमचा आहे. ज्याने हे ग्लायडर आखलं त्याला ती जागा माहीत होती, माहीत असल्याशिवाय त्याचं स्वतःचं ग्लायडर उडालंच नसतं. पंखाच्या चित्रावर त्या जागी एक टिंब द्यायचं होतं. शाईचा एक ठिपका. तुमच्याकडे पाच चित्रांची जागा होती.

त्या गृहस्थांनी माझ्या लेकीला पुढचं शिकवलं तेही लिहिते, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही.

आधी त्यांनी क्लेला हातच लावू दिला नाही. शेपटीवरचा रंग पॉलिश पेपरने उतरवायला लावला. सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा त्यांच्याकडे होता, त्यावर ०.९ ग्रॅम कमी झालं. मग नाकाला तितकीच, ०.९ ग्रॅम, क्ले पुरली. रंग न उतरवता नुसती क्ले लावली असती तर अडीच ग्रॅमहून जास्त लागली असती, आणि २१ ग्रॅमच्या वस्तूला ते ओझं प्रत्येक उड्डाणात वाहावं लागलं असतं. तुमच्या एकमेव ओळीतला एकमेव सल्ला हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे.

मग त्यांनी पंख आणि आडवी शेपटी एका पातळीत आहेत का ते कडेने बघायला शिकवलं. तरंगताना ग्लायडर सेकंदाला पाच-सहा मीटर जातं. मोटरवर त्याच्या सहापट वेग सहज होतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सहापट वेगाला छत्तीसपट जोर. पंख आणि शेपटीच्या कोनांतला जो फरक तरंगताना जेमतेम जाणवतो, तोच वर जाताना ग्लायडरला गोल फिरवून जमिनीवर आपटू शकतो. तिच्या शेपटीचा कोन योग्य निघाला. तो डोळ्यांनी बरोबर लागला होता, पत्रकात त्याबद्दल काही नव्हतं.

फेकणं हे वेगळंच शास्त्र निघालं. वारा पडलेला असताना, संध्याकाळी, उंच गवताच्या कडेला. ग्लायडर खांद्याच्या उंचीवर धरायचं, नाक अगदी किंचित खाली, नजर पंधराएक मीटरवरच्या जमिनीतल्या एका जागेवर, आणि फेकायचं नाही, त्याच्या तरंगण्याच्या वेगाने पुढे सोडून द्यायचं. नाक उचलून थबकलं तर तांदळाच्या दाण्याएवढी क्ले वाढवायची. सरळ खाली घुसलं तर तेवढीच काढायची, किंवा शेपटीच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ देऊन ती केसभर वर वळवायची. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. तिने चौतीस वेळा सोडलं. वहीत चौतीस ओळी आहेत.

सरळ तरंगायला लागल्यावर ते म्हणाले, आता वळायला शिकव, नाहीतर वाऱ्याबरोबर शेजारच्या काउंटीत जाईल. त्यासाठी आडवी शेपटी एका बाजूला किंचित तिरकी केली, जी बाजू वर त्या बाजूला ग्लायडर वळतं. उभी शेपटी का वळवायची नाही असं तिने विचारलं. कारण ती मोटरच्या वेगातही तेवढीच वळवते आणि ग्लायडर वर जाताना पिळत जातं. तिरक्या आडव्या शेपटीवर वर जाताना जवळजवळ भार नसतो, म्हणून ती तेव्हा गप्प बसते आणि तरंगताना वळवते. मी हे ऐकत उभी होते आणि वाटलं, इतकं सुंदर ज्ञान या लोकांनी साठ वर्षांत गोळा केलं आहे. यावर जागतिक स्पर्धा होतात, १९७२ पासून. पॉडची फीत पंखात अडकून दोन्ही एकत्र खाली आली तर त्याला ‘रेड बॅरन’ म्हणतात, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकावरून. अपघातांनासुद्धा नावं आहेत. आणि तुम्ही या सगळ्याच्या दारात उभे राहून मुलांना आत काय आहे ते सांगितलं नाहीत.

मी येवल्याची आहे म्हणून मला हे जास्त लागतं. संक्रांतीला आमच्याकडे तीन दिवस गच्च्यांवर जेवणं होतात. मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या घराघरांत असतात. आमच्या गल्लीतला पतंगवाला अगदी साधा माणूस होता, लिहिता-वाचताही येत होतं की नाही कोण जाणे. पण लहान पोराच्या हातात तो कधी नुसता पतंग द्यायचा नाही. कन्नी बांधून द्यायचा, आणि बांधताना दाखवायचा: वरचा दोरा एवढा, खालचा बोटभर मोठा, वारा जास्त असेल तर असा. उजवीकडे कलत असेल तर डाव्या टोकाला कागदाची पट्टी लाव. पोराने पतंग उडवून परत आणला तर तो दुकानातून उठून आकाशाकडे बघायचा आणि गाठ सरकवायचा. कन्नी न बांधलेला पतंग म्हणजे कागद आणि काड्या, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कित्येक पटींनी महाग वस्तू विकताना तुम्हाला ते कळलं नाही.

तुमच्या ‘गरजेनुसार’ या शब्दाने काय केलं ते तुम्हाला दिसलं नसेल. मूल पायऱ्या पाळतं. चोवीसच्या चोवीस पाळल्या आणि वस्तू पडली, तर मुलाला एकच निष्कर्ष काढता येतो, की चुकलो मी. तीन आठवडे माझी लेक त्या टेबलाजवळ बसली नाही. शाळेत विज्ञान-प्रकल्पासाठी नाव द्यायचं होतं, दिलं नाही. ते गृहस्थ भेटले नसते तर हे असंच राहिलं असतं, आणि पुष्कळ गावांत असे गृहस्थ नसतात. तुमचं किट घेऊन दुसऱ्या कुठल्या तरी मुलाने एकदा उडवलं असेल, पाडलं असेल आणि डबा कपाटात टाकला असेल. त्या मुलाला अजून वाटत असेल की हात त्याचे वाईट आहेत.

तिच्या ग्लायडरचं दुसरं उड्डाण ऑगस्टमध्ये झालं. ४१ सेकंद, डावीकडे वळत, दोन पूर्ण फेऱ्या आणि तिसरीचा अर्धा. घड्याळ तिनेच धरलं होतं.

आता माझी मागणी. मुळाशी ७५ मिलिमीटर रुंद असलेल्या तुमच्या पंखावर पुढच्या कडेपासून ३४ मिलिमीटरवर तोल आला तेव्हा ते तरंगलं. आखणाऱ्याच्या वहीत याहून नेमका आकडा असेल तर तो घ्या, नसेल तर हा घ्या. पाच चित्रांमधल्या पट्टीच्या एका चित्राची जागा काढा आणि तिथे पंख, टिंब आणि फेकणारा हात काढा. बाविसाव्या पायरीत रंगापुढे ‘पातळ’ हा शब्द घाला. ‘गरजेनुसार’ काढून टाका. आणि ज्यांनी किट आधीच घेतलंय, त्यांच्यासाठी हे पान वेगळं छापून दुकानांत ठेवा.

लेकीने वहीची चौतीस ओळींची दोन पानं तुमच्यासाठी उतरवून काढली आहेत. ती सोबत जोडली आहेत. अक्षर थोडं तिरकं आहे, पण आकडे वाचता येतात.

आपली,
एक आई
येवल्याची, सध्या इंडियाना